दुधावरची साय

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडच्या उपनगरांत लहानाची मोठी झालेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे, आणि जगभरच्या आजी-आजोबांचा जो एकच धंदा असतो तो तिनेही मांडला आहे: नातवंडं हाताशी सापडली की त्यांना आपलं बालपण ऐकवायचं. या आठवणी पहिल्यांदा ऐकताना मौज वाटते, दुसऱ्यांदा ऐकताना ओळखीच्या वाटतात आणि तिसऱ्यांदा ऐकताना शंका येऊ लागते. कारण क्रॉयडनचे आजोबा जे सांगतात तेच हॅरोच्या आजी सांगतात आणि तेच बर्मिंगहॅमशेजारच्या सॉलिहलचे काका सांगतात. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने धरलेली बर्फाची नक्षी, शाळेत मिळणारी दुधाची इवलीशी बाटली, पेनीला चार येणाऱ्या गोळ्या, दोरीत ओवलेल्या हॉर्स चेस्टनटच्या बिया एकमेकांवर आपटून फोडण्याचा खेळ, आणि सकाळी घराबाहेर पडून रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत हुंदडणं. साधुवाण्याची नाव बुडाल्याशिवाय जशी सत्यनारायणाची कथा पुरी होत नाही, तसं काचेवरच्या बर्फाशिवाय हे बालपण पुरं होत नाही. लाखो माणसांना एकच बालपण मिळालंच कसं? माझं उत्तर साधं आहे: ते वाटलं गेलं होतं. इंग्लंडच्या उपनगरी पोरांनी साखर, मटण आणि चॉकलेट जसं शिधापत्रिकेवर घेतलं तसंच बालपणही शिधापत्रिकेवर घेतलं. आज त्या आठवणींत जो गोडवा आहे तो साखरेचा नसून टंचाईचा आहे.

आधी हे उपनगर म्हणजे काय ते पाहू, कारण उपनगर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पार्ले, मुलुंड आणि दारात लोंबकळणारी माणसं येतात. इंग्लंडमधलं उपनगर हे गर्दीपासून पळालेल्यांचं गाव. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे चाळीस लाख नवी घरं बांधली गेली आणि त्यांतली असंख्य घरं शहराच्या कडेकडेने पसरली. लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या रुळांलगतच्या मुलखाला १९१५ मध्ये 'मेट्रोलँड' असं नाव देऊन टाकलं आणि शेताची हवा व शहराची नोकरी एकाच तिकिटावर विकायला काढली. या मुलखाचं आराध्यदैवत म्हणजे 'सेमी-डिटॅच्ड' घर. एका भिंतीने शेजाऱ्याला चिकटलेलं आणि बाकी तिन्ही बाजूंनी त्याच्याशी संबंध तोडलेलं असं हे घर म्हणजे वास्तुकलेतला अर्धनारीनटेश्वरच. पुढे कातरलेलं कुंपण, कुंपणामागे रुमालाएवढी हिरवळ, हिरवळीमागे जाळीचा पडदा आणि पडद्यामागे बाहेर कोण चाललं आहे ते पाहणारा एक डोळा. ऑस्बर्ट लँकॅस्टर या व्यंगचित्रकाराने १९३८ मध्येच या घरांच्या शैलींना अशी खोचक नावं ठेवली की ती पुढे वास्तुकलेच्या गंभीर पुस्तकांतही जाऊन बसली. पण टिंगल करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. ही वस्ती काहीतरी घडावं म्हणून बांधलेलीच नव्हती. एक महायुद्ध बघून आलेल्या माणसांनी, काही घडू नये म्हणून, पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली ती शांतता होती. दुसरं महायुद्ध येऊन गेल्यावर तर तिचा भाव आणखी वाढला.

अशा शांततेत वाढलेल्या पोराच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब सरकारी कागदांतच आहे. गोळ्या-चॉकलेटचं रेशनिंग १९४२ मध्ये सुरू झालं. चार आठवड्यांना साधारण बारा औंस, म्हणजे आपल्या मापात तीनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने उदार होऊन ते उठवलं, तर देशभरच्या बरण्या अशा झपाट्याने रिकाम्या झाल्या की ऑगस्टमध्ये ते परत लादावं लागलं. पोरांच्या जिभेपुढे शरणागती पत्करणारं हे बहुधा ब्रिटिश साम्राज्याचं एकमेव सरकार. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या मोकळ्या झाल्या, सप्टेंबरात साखर, आणि जुलै १९५४ मध्ये मटण. सरकार नुसतं मोजून देत होतं असंही नाही, मोजून पाजतही होतं. लहानग्यांना संत्र्याचा रस आणि त्यावर उतारा म्हणून कॉड माशाच्या यकृताचं तेल. शाळेत १९४६ च्या कायद्याने प्रत्येकाला रोज एक तृतीयांश पाइंट दूध फुकट. करमणुकीचंही तेच. १९५५ च्या सप्टेंबरात दुसरी वाहिनी येईपर्यंत टीव्हीची वाहिनी एकच होती, आणि ती सुद्धा संध्याकाळी सहा ते सात तासभर झोपी जायची. हेतू असा की पडदा काळा झाला म्हणजे आयांना पोरं अंथरुणात घालता येतील. फेब्रुवारी १९५७ पर्यंत हा तह पाळला गेला. पोरांना झोपवण्यासाठी अख्ख्या देशाचं प्रसारण बंद ठेवणारं राष्ट्र आजच्या आयांना स्वर्गासारखं वाटेल. आता मला सांगा, सगळ्यांनी एकाच मापाच्या बाटलीतून दूध प्यायलं, एकाच चमच्याने माशाचं तेल गिळलं, एकाच पडद्यावर एकच बाहुली पाहिली आणि एकाच मिनिटाला सगळे झोपले, तर आठवणी वेगवेगळ्या निघतीलच कशा? शिक्का एक असला की नाणी एकसारखीच पडायची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गोळ्या मोजून मिळाल्या असतील, पण मोकळीक अमाप होती. सकाळी बाहेर पडावं आणि अंधार पडल्यावर परतावं, कुणी विचारत नसे. ही मोकळीक खरीच होती. पण ती दिली कुणी आणि का, हे घराचा नकाशा पाहिल्यावर समजतं. उपनगरी घरात पुढची खोली ही पाहुण्यांसाठी, पाद्रीबुवांसाठी आणि प्रेतासाठी राखीव. जिवंत पोराला तिथे प्रवेश नाही. वरच्या झोपायच्या खोल्यांत हीटिंग नावाची चीज नाही, म्हणूनच काचेवर ती प्रसिद्ध नक्षी. उरली मागची एक खोली, जिथे कोळशाची शेगडी पेटलेली, आणि तिच्यासमोर वाळत घातलेले कपडे, वर्तमानपत्र घेतलेले वडील आणि इस्त्री करणारी आई. आता या खोलीत दोन-तीन पोरं मावत नाहीत, हे सांगायला वास्तुशास्त्रज्ञ नको. म्हणून त्यांना बाहेर काढलं जाई. ज्याला आजोबा स्वातंत्र्य म्हणतात त्याला त्या काळच्या आया घर झाडणं म्हणत असाव्यात. आणि त्या शेगडीच्या उबेबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे, कारण प्रत्येक आठवणीत ती लालभडक हसत असते. अशा लाखो शेगड्यांचा धूर, वर कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा, हे सगळं डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडनवर ठाण मांडून बसलं आणि तेव्हाच्याच अंदाजाने सुमारे चार हजार माणसं गेली. पुढचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. आठवणीतल्या शेगडीला मात्र धुराडं नसतं. तिच्यातून फक्त ऊब येते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तेव्हा रस्ते पोरांचे होते, मोटारी कुठे होत्या, असं म्हणतात. मोटारी कमी होत्या हे खरं: १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सगळी मिळून चाळीस लाखांच्या आसपास वाहनं, आज चार कोटींच्या वर. पण १९५० मध्ये रस्त्यांवर सुमारे पाच हजार माणसं मेली आणि आज, दहापट वाहनं असताना, हा आकडा दोन हजारांच्याही खाली आहे. म्हणजे रस्ता पोरांचा होता हे खरं. पण ही गोष्ट मोटारवाल्याला कुणी कळवली नव्हती. म्हणूनच १९५३ मध्ये टफ्टी नावाची एक खार निर्माण करावी लागली, जी पोरांना आईचा हात धरून रस्ता ओलांडायला शिकवी. जिथे सगळं आबादीआबाद आहे तिथे खारीला नोकरी द्यावी लागत नाही. रस्त्याचं सोडा, उन्हाळा आला की पोलिओची धास्ती असे. १९४७ मध्ये मोठी साथ आली आणि लस यायला १९५६ उजाडलं. 'आम्हाला काही झालं नाही' हे वाक्य म्हणूनच फार जपून ऐकावं. ज्यांना काही झालं, ते आठवणी सांगायला बसलेले नाहीत. वाचलेल्यांनी वाचण्याच्या सोपेपणाची ग्वाही द्यावी, हा पुरावा कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. पण शेगडीसमोरच्या खुर्चीत तो शंभर टक्के टिकतो.

तिसरा आक्षेप शेजारधर्माचा. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत, दारं उघडी असत, वगैरे. इथे साक्षीदार म्हणून मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट या दोन समाजशास्त्रज्ञांना बोलवू. त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन या दाटीवाटीच्या वस्तीतून एसेक्समधल्या नव्या कौन्सिल वसाहतीत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या वसाहतीला त्यांनी ग्रीनली असं टोपणनाव दिलं. जुन्या गल्लीत आई दोन दारं सोडून, मावशी कोपऱ्यावर आणि सगळा बोभाटा चव्हाट्यावर. नव्या ठिकाणी हवा चांगली, न्हाणीघर स्वतःचं आणि बोलायला माणूस नाही. शेजारी आपल्यापुरतं पाहतात, ही तिथली तक्रार. म्हणजे शेजारधर्म सोडून जिथे गेले तिथेच तो होता, असं पुढच्या पिढीला आठवतं. मराठी वाचकाला हे नवीन नाही. चाळीत राहताना ज्यांना ब्लॉकची स्वप्नं पडत, त्यांनाच ब्लॉकमध्ये चाळीची पडतात. फरक इतकाच की चाळीत शेजार खरोखर होता, नको इतका होता. उपनगरात तो जाळीच्या पडद्याआड होता. पडद्याची कड हलली की समजायचं, शेजाऱ्याने आपली चौकशी केली.

आता या सगळ्याचा कळस म्हणजे रविवार. दुकानं बंद, खेळ बंद, मोठ्याने हसणं जवळजवळ बंद. दुपारी भाजलेलं मटण, त्याबरोबर शिजवून शिजवून आपला मूळ रंग विसरलेली कोबी, आणि मग जेवणापासून चहापर्यंत पसरलेलं एक वाळवंट. पावसाने तिथेही दगा दिलेला नसे. या वाळवंटावर विनोदी नट टोनी हॅनकॉकने १९५८ मध्ये रेडिओवर अर्ध्या तासाचा एक भागच करून टाकला. त्याचं पात्र ईस्ट चीम या काल्पनिक उपनगरात राहतं, आणि त्या भागात घडतं काय, तर रविवारची दुपार सरत नाही. एवढंच. लोक हसून हसून लोळले, कारण ते घरोघरी चाललं होतं. म्हणजे कंटाळा हा उपनगराचा खरा राष्ट्रीय उद्योग होता हे त्या काळच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. विसरले ते नंतर. माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. जिथे काही घडत नाही तिथे लहान गोष्टींना मोठी जागा मिळते. हप्त्याला चार गोळ्या मिळत असल्या की प्रत्येक गोळीचा रंग, चव आणि ती कितव्या मिनिटाला संपली हे पन्नास वर्षं लक्षात राहतं. पोतंभर मिळाल्या असत्या तर फक्त पोटदुखी लक्षात राहिली असती. म्हणूनच या आठवणींत घटना कमी आणि वस्तू फार. वाचताना चरित्र वाचतोय की वाण्याची यादी, असा प्रश्न पडतो. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब तोंडी करत होतो, असं ही मंडळी छाती काढून सांगतात तेव्हा पावकी-निमकी घडाघडा म्हणून दाखवणारे आपले आजोबा आठवतात. तो हिशेब करताना वर्गात काय हाल झाले होते, हे दोघेही सांगत नाहीत.

न सांगितलेल्या गोष्टींत आणखी एक आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर पोराच्या अकराव्या वर्षी 'इलेव्हन-प्लस' नावाची परीक्षा येई. चार-पाचांतलं एखादं ग्रामर स्कूलला जाई आणि बाकीची सेकंडरी मॉडर्नला, म्हणजे आयुष्याची गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार ते अकराव्या वर्षीच ठरे. उपनगरी घरांत या परीक्षेइतकी भीती पूर्वी फक्त बॉम्बचीच वाटली असेल. छडी तर होतीच. सरकारी शाळांतून ती घालवणारा कायदा व्हायला १९८६ उजाडलं. आठवणींच्या पुस्तकांत ही परीक्षा आली तर एका ओळीत येते, कारण पुस्तक लिहिण्याइतकी शाळा ज्यांच्या वाट्याला आली त्यांतले बरेचजण ती पास झालेले. नापास झालेल्यांचं सोनेरी बालपण अकराव्या वर्षी, एका लिफाफ्यातून आलेल्या पत्राने संपलं होतं.

कुणी म्हणेल, पण हे लोक खोटं बोलतात असं तुमचं म्हणणं आहे का? मुळीच नाही. आठवण खोटं बोलत नाही. ती फक्त निवडून बोलते, आणि ती निवड फार जुन्या परंपरेने करते. जॉर्ज ऑर्वेलच्या १९३९ सालच्या 'कमिंग अप फॉर एअर' या कादंबरीचा नायक अशाच उपनगरातल्या एकसारख्या घरांना विटून बालपणीच्या गावी पळतो, तर ते गाव नव्या घरांनी गिळलेलं आणि मासे असलेलं तळं कचऱ्याने भरलेलं. एकाच्या बालपणाच्या तळ्यावर दुसऱ्याच्या बालपणाचं घर उभं राहतं, आणि मग तो दुसरा म्हातारपणी त्या घरासाठी उसासे टाकतो. कवी जॉन बेट्जमनने तर एकाच आयुष्यात दोन्ही बाजू लढवल्या: १९३७ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडच्या स्लाउवर कवितेतून बॉम्बना आवतण दिलं आणि १९७३ मध्ये बीबीसीच्या चित्रपटात मेट्रोलँडमधून हळुवारपणे फिरत त्याच जातीच्या घरांना कुरवाळलं. आणि हल्लीची पोरं खेळतच नाहीत, ही तक्रार तरी आजची कुठे आहे? आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने सुमारे सत्तर शाळांतल्या पाच हजार मुलांकडून खेळ, गाणी आणि चिडवाचिडवी गोळा करून १९५९ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला, तेव्हा त्यांना आधी हीच समजूत खोडून काढावी लागली. म्हणजे ज्या पोरांच्या हुंदडण्याचे आज गोडवे गायले जातात, तीच पोरं हुंदडत असताना मोठी माणसं म्हणत होती की पोरं हुंदडत नाहीत.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा. मराठी माणसाला या इंग्लिश उपनगराशी काय करायचं आहे? पण इंग्रजी शाळेत गेलेल्या मराठी मुलांच्या किती पिढ्या एनिड ब्लायटनवर पोसल्या, हे आठवून पाहावं. 'फेमस फाइव्ह'ची एकवीस पुस्तकं १९४२ ते १९६३ मध्ये आली, आणि ती वाचून दादर-डेक्कनच्या मुलांनी कधी जिभेला न लागलेल्या जिंजर बीअरसाठी तोंडाला पाणी सोडलं. गंमत अशी की त्या पुस्तकांतलं म्हणून जिंजर बीअरच्या रेलचेलीचं जे एक वाक्य सगळे सांगतात ते त्या पुस्तकांत नाहीच. ते १९८२ च्या एका टीव्ही विडंबनातलं आहे. म्हणजे विडंबन मुळाहून जास्त लक्षात राहिलं आणि आठवण म्हणून नांदू लागलं. इंग्रजांच्या बालपणावर रेशनचा शिक्का, आणि आपल्या आठवणींत त्या शिक्क्याचीही नक्कल; आता आक्षेप कुणी कुणावर घ्यावा?

यातून निष्कर्ष काढायचा तर तो माणसाकडून न काढता एका पाखराकडून काढावा. इंग्लंडमध्ये ब्लू टिट नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी आहे. दूधवाला पहाटे दारात बाटल्या ठेवून जाई, त्या दुधावर साय तरंगून बुचापाशी जमे, आणि हा पक्षी बूच टोचून नेमकी तेवढीच साय खाऊन उडून जाई. साउथॅम्प्टनजवळ १९२१ मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पाहता पाहता देशभरच्या ब्लू टिटांनी ही विद्या आत्मसात केली. १९४९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचा रीतसर अभ्यास छापला. उपनगरी बालपणाच्या आठवणींत हे पाखरू हटकून येतं, आणि सांगणाऱ्याला कळत नाही की तो आपलंच चित्र काढतो आहे. तोही पहाटे येतो, बूच टोचतो, वरची साय खातो. खालचं निळसर दूध, म्हणजे धुकं, छडी, परीक्षा, रविवार, तो इतिहासकाराच्या दारात ठेवून जातो. मग यथावकाश बाजारात एकजीव केलेलं दूध आलं. त्यात साय वर येतच नाही. घोटभर प्या नाहीतर बाटलीभर, सगळीकडे सारखीच चव. ब्लू टिटनेही हळूहळू बाटल्यांचा नाद सोडला. आपल्याकडे नातवंडांना दुधावरची साय म्हणतात. इंग्लिश आजोबा आपल्या सायीला आपली साय ऐकवत असतात, आणि ती साय मान खाली घालून मोबाइल पाहत असते. तिचं दूध एकजीव आहे. तिला टोचायला जागा कुठे ठेवायची, याचं रेशन अजून कुणी ठरवलेलं नाही.